डिस्क पुसायची का?

श्री. साडूभाऊ यांस,

वाकून नाही (कंबर धरली आहे), पण मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, हे ताईंच्या फोनवरून कळलं. बरं वाटलं. इकडे सगळी माणसं खुशाल आहेत. कॉम्प्युटरही खुशाल आहे, फक्त तो आता आम्हाला ओळखत नाही.

मागच्या खेपेला निघताना, चपला घालता घालता तुम्ही म्हणाला होतात, "जुनी सिस्टीम काढा, लिनक्स टाका. फुकट असतं. अर्ध्या तासाचं काम." (दुसऱ्याच्या घरातलं कुठलंही काम तुम्हाला अर्ध्या तासाचंच वाटतं. राग नाही, आपलं सहज सांगितलं.) आमचं यंत्र तेव्हा इतकं थकलं होतं की मी बटण दाबून आंघोळीला जायचो, आणि केस पुसत परत यावं तर ते अजून 'कृपया थांबा' म्हणत बसलेलं असायचं. तेव्हा तुमचा सल्ला शिरसावंद्य मानून, रविवारी दुकान बंद ठेवून, पेनड्राइव्ह खोचून मी बसलो. त्याने आधी भाषा विचारली. मी मोठ्या हौसेने मराठी निवडली. घात तिथेच झाला.

आता बघा, मी चष्म्याचा दुकानदार. दिवसभर गिऱ्हाइकांना समोरच्या पाटीवरची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावतो. पण पडद्यावर ठसठशीत प्रश्न आला, 'डिस्क पुसायची का?' आणि त्याखाली बारीक अक्षरांत जे काही होतं ते मी सोडून दिलं. प्रश्न तेवढा मोठ्याने वाचला. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, विचारताय काय? पुसा! कधीची सांगतेय, बोटभर धूळ साचलीय." आमच्या घरात एकमत इतक्या पटकन होत नाही, साडूभाऊ. ती संधी मी दवडली नाही, 'होय' दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं, 'नक्की?' तेही मी वाचलं. ही म्हणाली, "आणि मागच्या बाजूनेसुद्धा पुसा!"

नवी सिस्टीम दिसायला देखणी आहे. बटण दाबलं की टॉवेल शोधायलाही वेळ देत नाही. (प्रिंटरशी मात्र तिचं बोलणं नाही, म्हणून हे पत्र हाताने लिहितो आहे.) मी अभिमानाने सगळ्यांना हाक मारली. सासरेबुवा आले, खुर्चीत बसले, दोन्ही बाजूंनी पडदा न्याहाळला आणि म्हणाले, "झकास! माझं पुस्तक कुठाय?"

सासरेबुवांचं आत्मचरित्र तुम्हाला ठाऊक आहे. हयात अग्निशामक दलात गेली, पण अकरा प्रकरणं झाली तरी पुस्तकात कुठे साधी काडीही पेटली नव्हती. नायक अजून शाळेत होता आणि त्याला गोवर आला होता. दर रविवारी ते वाचून दाखवायचे आणि मी डोळे मिटून, मान खाली घालून, अगदी मन लावून ऐकायचो. तर ते पुस्तक. मी म्हणालो, "बाबा, ते... पुसलं गेलं." "कुणी पुसलं?" मी हिच्याकडे बोट दाखवलं, हिने माझ्याकडे.

सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला आणि परत चढवला. पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नाही की म्हातारी माणसं माझ्या दुकानात असंच करतात. नुसते ओरडले असते तरी चाललं असतं. मग त्यांनी विचारलं, "कुणाला इजा?" मी म्हणालो, "नाही." "मग तोंड पाडून काय बसलात? जळक्या घरासमोर उभं राहून मी कधी रडलो नाही. चला जावईबापू, खुर्ची ओढा. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसतो. आणि काय सांगू! नव्या पुस्तकात पहिल्याच वाक्याला रंगाचं गोदाम पेटतं. ना शाळा, ना गोवर. परवा शिडी तोकडी पडली, वर खिडकीत माणूस अडकला, आणि सासरेबुवा "आता जेवू" म्हणून उठले! माझा जीव दुसऱ्या दिवशी दिवसभर टांगणीला. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच मी उजवीकडे बसवली. ही डाव हातात घेऊन दारात उभी राहते आणि भाजी करपते.

ताईंना नमस्कार, मुलांना एकेक प्रेमाची टपली.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. सासरेबुवांना काल आठवलं की जुनी अकरा प्रकरणं त्यांनी तुम्हाला ईमेलने पाठवली होती. ते फोन करतील. काहीही करा, पण 'मिळालीच नाहीत' म्हणा. तो गोवर परत आला तर खिडकीतला माणूस तसाच लटकत राहील.

ता. क. (दुसऱ्या हस्ताक्षरात) : थोरले जावईबापू, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून ही चार अक्षरं. ईमेल शोधण्याची तसदी घेऊ नका. तुम्ही ते उघडलं नसणार, याची मला खात्री आहे. पुस्तकाची प्रत माझ्या कपाटात पेनड्राइव्हवर पहिल्यापासून आहे. बाहेर पडायला दुसरी वाट ठेवल्याशिवाय मी आयुष्यात कुठल्या इमारतीत शिरलो नाही. पण धाकट्यांना कळवू नका. चार वर्षं एका घरात राहतो आहोत, आता कुठे ते डोळे उघडे ठेवून ऐकायला लागलेत. खिडकीतला माणूस आणखी आठवडाभर तरी मी खाली उतरवणार नाही.