जपानी पिस्तुलाची गोळी

अप्पा, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं येईल. तसं ते तुम्ही असतानाही वाकडंच होतं.

तुमच्या आजोबांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली ती जपानी पिस्तुलाची गोळी. करंगळीपेक्षा लहान, मानेशी निमुळती, बुडावर एक अक्षर कोरलेलं नाही. खंडेनवमीला तुम्ही नट आवळायचे पाने, मागाचे धोटे पाटावर मांडायचा आणि मधोमध ती ठेवायचा. मी तेरा वर्षांचा. तापवून तिला कडी डकवायची आणि तुम्ही जिथं माग दुरुस्त करणारे जॉबर होता त्या कारखान्याच्या किल्लीला लावायची, असं मनात होतं. आई अंगणात, मी स्वयंपाकघरात, गोळी पकडीत धरून गॅस पेटवतोय. तेवढ्यात तुम्ही आत येता. कानाखाली अशी बसते की गोळी घरंगळत माठाखाली जाते. जेवायला आलेले कामगार बघत राहतात. एकजण हसून म्हणाला, "जॉबर, पोरापेक्षा पितळ प्यारं हाय व्हय तुमाला?" तुम्ही गप्प. ते गप्प बसणं मला थपडेपेक्षा लई लागलं.

पुढं शाळा सुटली, दोन वर्षांनी तुम्ही गेलात. फळीवरची गोळी उचलून मी सोलापूर सोडलं. कुठंच टिकलो नाही. आता जामनगरला पितळेचं भंगार निवडतो. आज रिकाम्या काडतुसांची पोती आली, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, बॅगेतली ती गोळी काढून भट्टीच्या टोपलीत टाकली. पितळच की, म्हटलं, वितळू दे.

तासाभरानं मिस्त्री नव्या माणसांना शिकवत होता. तो आपल्या सोलापूरजवळच्या वळसंगचा. "बूड बगा. मदल्या टिकलीला खळगा असला तर उडालेली. खळगा न्हाय ती जिवंत. भट्टीत गेली की आपुनबी गेलो."

आपल्या गोळीला खळगा नव्हता अप्पा. दरवर्षी चिंचेनं मीच घासायचो की.

पळालो. दोघांनी टोपली भट्टीच्या तोंडाशी उचलली होती. ती हिसकून जमिनीवर पालथी केली. शिव्या खात, गुडघ्यांवर बसून चाचपत राहिलो. सापडली.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. जिवंत गोळी घरात आहे, हे चार माणसांत कसं बोलणार होता तुम्ही? पण ती माणसं गेल्यावर मला एकट्याला सांगायचं की.

मिस्त्रीनं विचारलं, "कुटनं आली रं ही?"

"भंगारातनं."

पोलीस येऊन गोळी घेऊन गेले. तुमचं नाव मी घेतलं नाही.

हे पत्र उशाखाली ठेवतोय. त्या दिवशीची कडी अजून माझ्या पाकिटात आहे. ती तुमच्यासाठी होती, हे मीसुद्धा तुम्हाला कधी सांगितलं नाही.