खालच्या मजल्यावरचं जाड पुस्तक

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भाऊजींचा खोकला काय म्हणतो? आम्ही सगळे धडधाकट. माझं तेवढं पोट दुखतंय, पण ते दुसऱ्याचं बरं पाहून दुखतं त्यातलं आहे, तेव्हा औषध कळवू नकोस.

कारण आमची बारकी. आठ वर्षांची झाली, पण जाड पुस्तक दिसलं की तिला आधी तहान लागते, मग झोप. बाप छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासतो आणि मुलगी दहा पानांपुढे जात नाही, म्हणून मी दोनशे चाळीस पानांचं, जहाजात लपून बसलेल्या दोन बहिणींचं पुस्तक आणलं. दर पानाला एक चॉकलेट कबूल केलं. तिने पाच पानं वाचली, पाच चॉकलेटं खाल्ली आणि दात किडतील म्हणून वाचन थांबवलं. मग मी शेजारी बसून वाचून घ्यायला लागलो, उच्चार सुधारत आणि दर पानाला 'यातून काय शिकलीस?' विचारत. (ही म्हणाली, 'आणखी आठवडाभर असं केलंत तर मीही वाचणं सोडेन.' असो.)

आमच्या खाली एक शिलाईवाल्या मावशी राहतात. बारकी फ्रॉकची बाही शिवून घ्यायला गेली, पुस्तक माझ्या हुकमाने काखेत होतंच. मावशी म्हणाल्या, "माझे हात अडकलेत, तुझे मोकळे आहेत. वाच जरा, मला करमत नाही." झालं. आठवड्यात नव्वद पानं. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून खाली, ती जेवायलाच वर, अंगभर दोरे चिकटलेले.

ताई, मला हे सोसवलं नाही. पुस्तक माझं, पोर माझी, आणि कौतुक मशीनवालीचं. मी चांगल्या तीन पँटी आखूड करायला नेल्या (आता चालताना मोजे दिसतात) आणि दाराबाहेर कान देऊन उभा राहिलो.

आत मावशी म्हणत होत्या, "तो खलाशी पोरींना पकडून देणार बघ."

"नाही मावशी, तो चांगला आहे."

"मग थांब, एवढं काज होऊ दे."

"मी नाही थांबणार," म्हणून बारकी पुढे वाचू लागली. माझ्याकडे हीच मुलगी थांबायला निमित्त शोधायची. तेवढ्यात तिने 'शिडाला' ऐवजी 'शिंडाला' वाचलं आणि माझ्या तोंडून बाहेरूनच दुरुस्ती निघाली.

मशीन थांबलं. बारकीने पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "बाबा, तू इथे पण आलास?"

छापखान्याच्या मालकाच्या बोलण्यानेही मी कधी इतका खजील झालो नव्हतो. मावशींनी स्टूल सरकवलं. "बसा. मला शिंडाला चालतं. गोष्ट थांबलेली चालत नाही."

बसलो. चाळीस पानं तोंड शिवून ऐकली. वादळात जहाज कलंडलं तेव्हा बारकीचा हात नकळत माझ्या गुडघ्यावर आला. मी आधी काय केलं असेल, तर मावशींनी ते पाहिलं की नाही, हे पाहिलं. (पाहिलं. बरं वाटलं.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुस्तक काल संपलं. मावशी म्हणाल्या, आता बाबांनी वाचायचं, त्यांच्या आवडीचं. बारकीने विचारलं, "बाबा, तुझं सगळ्यात आवडतं जाड पुस्तक कोणतं?" मी ऐटीत म्हणालो, रविवारी आणतो. आता तुझ्यापाशी लपवून काय उपयोग? बावीस वर्षं मी अक्षरं तपासली, पण गोष्टीसाठी म्हणून एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. तुझ्या कपाटातलं एखादं पाठव. तीनशे पानांच्या खाली नको.

आणखी एक. ते छापखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं तर कार्टी माझ्याआधी वाचून काढेल आणि खाली जाऊन मावशींना शेवट सांगून येईल.