पाणवठ्याचा उतार

आई,

आज रविवार आहे. डोंबिवलीच्या घरात दुपारची सामसूम आहे, तू न पाहिलेला तुझा जावई पेपर तोंडावर घेऊन झोपलाय आणि मी जेवणाच्या टेबलावर ऑफिसचे कोरे कागद घेऊन बसलेय. तू गेल्यावर इतक्या वर्षांत तुला कधी लिहिलं नाही. तुला अक्षर अक्षर जोडून वाचता यायचं, पाटी वाचून होईपर्यंत एसटी निघून जायची आणि मग तू ड्रायव्हरलाच शिव्या घालायचीस. तेव्हा घाई नाही, सावकाश वाच. मी आता नॅशनल पार्कात बांधकामाची आणि दुरुस्तीची कामं बघते. म्हणजे ठाण्याच्या ज्या डोंगरात तू डोक्यावर घमेलं घेऊन चढायचीस, त्याच डोंगरात मी डोक्यावर टोपी घालून चढते आणि दुसऱ्या बायकांना घमेली उचलायला लावते.

लोकांना वाटतं, जंगलात कसलं आलंय बांधकाम. अगं, चौक्यांची कौलं, ओढ्यांवरच्या मोऱ्या, चढणीच्या पायऱ्या, कुंपण, टेहळणीचे मनोरे, पाणवठे, काही ना काही सतत मोडलेलं असतं. माकडं कौलं उचकटून आत काय आहे ते बघतात. रानडुकरं पाइप उकरून काढतात. वाळवी दाराची चौकट खाते आणि वरचा रंग तेवढा शाबूत ठेवते, हात लावला की बोट आत जातं. माल कालवायचं मशीन आवाज करतं म्हणून अजूनही आपल्यासारखंच फावड्याने कालवायचं, सिमेंटची गोणी डोक्यावरून न्यायची, आणि ऊन कलायला लागलं की हत्यारं धुऊन सगळ्यांनी खाली उतरायचं, काम कितीही अर्धं असो. सुरुवातीला मी चिडायचे. मग एक दिवस मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी वर चढले आणि दोन्ही बाजूंना पाहिलं. एकीकडे घोडबंदर रोडचे टॉवर, एकाला एक चिकटलेले, आणि दुसरीकडे नजर पोचेल तिथपर्यंत नुसती झाडं. त्या झाडांत, एवढ्या माणसांच्या इतक्या जवळ, बिबटे आपली पोरं वाढवतात. मी तिथे नटबोल्ट आवळायला गेलेले आणि पाना हातात धरून कितीतरी वेळ उभीच राहिले. अजूनही मनोऱ्यावर गेले की तसंच होतं.

तुला तो पाणवठा आठवत असेल. मला तो दिवस लख्ख आठवतो. मी चौथीत आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, आणि कळव्याच्या खोलीत मला एकटीला ठेवायचं नाही म्हणून तू मला कामावर आणलंयस. पाणवठा म्हणजे जमिनीत केलेली एक मोठी उथळ परात, एका बाजूने आत उतरणारी, जनावरांना पाणी प्यायला. मिस्त्रीने सकाळपासून घासून घासून सिमेंट असं घोटलंय की त्यात आभाळ दिसतंय. तो लांब उभा राहून आपलं काम बघतोय, आम्ही सगळे बघतोय, आणि तू खराटा उचलतेस. कुणाला काही कळायच्या आत तू त्या ओल्या उतारावर वरून खालपर्यंत आडव्या रेघा ओढायला लागतेस. मिस्त्री धावत येतो. "अगं ए बाई, डोकं फिरलंय काय तुझं?" तू थांबत नाहीस. "त्येंचं पाय सटकत्यात," एवढंच म्हणतेस. तो तुझ्या हातातला खराटा ओढतो, तू सोडत नाहीस, आणि शेवटी तो टोपी जमिनीवर आपटून निघून जातो. मला तुझी भयंकर लाज वाटते. मी म्हणते, "आई, किती छान दिसत होतं ते, तू बिघडवलंस." तू माझ्याकडे वळून जे बोललीस ते मी जन्मात विसरणार नाही. "बघाया न्हाय केलेला त्यो. प्याया केलाय."

मग आठवड्याने, सिमेंट पुरतं वाळल्यावर, तू त्यावर पाणी ओतलंस, चपला काढल्यास, डोक्यावर ओल्या वाळूचं घमेलं घेतलंस आणि समोर बघत उतारावरून खाली गेलीस आणि परत वर आलीस. हे तू प्रत्येक पायरीला, प्रत्येक चढणीला करायचीस. बाकीच्या बायका हसायच्या. मी विचारलं होतं, खाली का बघत नाहीस? तर म्हणालीस, "खाली बघून चाललं की आपून पाय संभाळतो गं. न बघता चाललं की कळतं, जिमीन आपल्याला संभाळती का न्हाय." आपल्या माणदेशातल्या तळ्यावर गुळगुळीत दगडी उतारावरून तुमची गाभण म्हैस घसरून आत गेलेली आणि सगळं गाव दोर लावून ओढत होतं, हे तू पुढे कधीतरी भाकरी थापता थापता सांगितलंस. तेव्हा मी अभ्यास करत होते. अर्धंच ऐकलं.

या उन्हाळ्यात माझ्या कामाच्या यादीत तोच पाणवठा आला. तडे गेलेले, पाणी ठरत नव्हतं, उतारावर शेवाळ आणि चिखल. तुझ्या रेघा झिजून पार पुसल्या होत्या. मी तिथे उभी राहिले आणि ठरवलं की हे काम मी असं करून घेईन की कुणी बोट ठेवू नये. आई, हे मी तुझ्यासाठी ठरवलं, म्हणून तर जास्त लागतंय. चांगल्यात चांगला मिस्त्री आणला, दिवा स्टेशनकडचा, हातात सोनं असलेला. कडा एका पातळीत घेतल्या, उतार त्याच्याकडून घोटून घेतला, मी स्वतः दिवसभर उन्हात उभी होते. संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, असं काम मी लोकांच्या हॉलमध्ये पण देत नाय." मी फोटो काढले. साहेबांना पाठवले, त्यांनी अंगठा पाठवला. इंजिनियर झालेल्या तुझ्या लेकीला त्या दिवशी काय आठवायला हवं होतं ते आठवलं नाही. उतार बरोबर होता, मापं बरोबर होती, सगळं कसं चकचकीत होतं, आणि मी खूश होते.

टँकरने पाणी भरलं. तिथे वर झाडाला कॅमेरा बांधलेला असतो, काही हललं की फोटो घेतो. चौथ्या दिवशी मी तो उघडला. चितळं येत होती, काठावर उभी राहत होती, मान लांब करत होती आणि परत जात होती. एका फोटोत मादीचे पुढचे दोन्ही पाय फाकलेले आणि ती गुडघ्यांवर पडलेली. पुढच्या फोटोत रिकामा पाणवठा. तेवढ्यात आमचा चौकीदार आला. हा जवळच्या वारली पाड्यावरचा, आता केस पांढरे झालेत, पण तरुणपणी तुझ्याबरोबर दगड वाहिलेला माणूस. त्याने सांगितलं की सकाळी भेकराचं पिल्लू आत पडलं होतं. बाहेर यायला बघत होतं आणि घसरत होतं, पुन्हा बघत होतं, पुन्हा घसरत होतं. याने पाण्यात उतरून उचलून काढलं. तो उशिरा आला असता तर संपलंच होतं. "मॅडम, पानी लय केलास," तो म्हणाला, "पन पाय ठेवाला जागा नाय केली." आणि मग म्हणाला, "तुजी आय असती तं खराटा मारला असता."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भागातलं बाकीचं पाणी आटलेलं. जनावरांना जायला दुसरी जागा नाही, आणि जिथे जायचं तिथे मी सापळा बांधून ठेवलेला. आणि महिनाअखेरीस मोठे साहेब तेच काम बघायला येणार होते, फोटो बघून खूश होऊन. काही न बोलता वरवर चिखल टाकून निभावता आलं असतं. दोन दिवस माझ्या मनात तेही आलं, तुझ्यापासून काय लपवू. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणवठ्यावर जाऊन पाणी काढायला लावलं, साहेबांना लिहून कळवलं की चूक माझी आहे, मिस्त्रीची नाही, आणि छिन्नी-हातोडी काढली. आपल्याच कामावर घाव पडताना मिस्त्री तोंड फिरवून बसला होता. "मॅडम, माझी इज्जत चाललीये," म्हणाला. मी त्याला पिल्लाचा फोटो दाखवला. पाण्यातून नुसतं डोकं वर आलेलं, कान मागे. त्याने बराच वेळ पाहिलं आणि हातोडी स्वतः घेतली.

तोवर जनावरांसाठी जवळच सावलीत अर्धे कापलेले पिंप पुरले, त्यात दगड टाकले, रोज पाणी भरलं. उतार आम्ही आणखी पसरट केला, मध्ये मध्ये खडबडीत दगड बसवले, आणि माल ओला असताना मी बायकांच्या हातातून खराटा घेतला. आई, ते दिसतं तेवढं सोपं नाही. जोर जास्त झाला की खड्डा पडतो, कमी झाला की नुसता ओरखडा उठतो. माझ्या पहिल्या चार रेघा बघून चौकीदार हसला आणि म्हणाला, "तुजी आय एका दमात वढायची." मग गोणपाट टाकून, त्यावर पाणी मारत आम्ही आठवडा काढला. शेवटच्या दिवशी मी बूट काढले, मोजे काढले, ओल्या वाळूचं घमेलं डोक्यावर घेतलं. सगळे बघत होते. पहिल्याच पावलाला माझी नजर आपोआप खाली गेली. परत वर आले. पुन्हा निघाले, यावेळी समोरच्या कुंब्याच्या झाडाकडे बघत. तळपायाला प्रत्येक रेघ लागत होती, एक संपली की दुसरी धरून घेत होती. खाली पोचले तेव्हा डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि घमेलं डोक्यावर असल्याने पुसताही येईना.

पाणी पुन्हा भरून काही दिवस झाल्यावर, परवा पहाटे मी चौकीदाराबरोबर मचाणावर बसले होते. आधी माकडं आली, मग चितळं, एकेक करून, पाय टेकून बघत. उतारावर थांबून प्यायली, खालपर्यंत गेली, आरामात वर आली. भेकर आलं, मागे पिल्लू होतं. तेच का ते मला कळणार नाही, पण चौकीदार म्हणाला तेच. मग एकदम सगळं शांत झालं. पक्षीसुद्धा. आणि ती आली, बिबट्याची मादी, करवंदीच्या जाळीतून अशी बाहेर पडली की आधी ती तिथे नव्हती यावर माझा विश्वासच बसेना. उतारावर दोन पावलं खाली आली, पुढचे पाय पसरून बसली आणि पाणी प्यायला लागली. जिभेचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होता. किती वेळ प्यायली कोण जाणे. उठली तेव्हा एकदा मचाणाकडे पाहिलं, आई. इतकी सुंदर, इतकी निवांत, आणि ती उभी होती ते आपल्या हाताखालून गेलेल्या सिमेंटवर. ती गेल्यावर खाली जाऊन पाहिलं तर रेघांवर ओले पंजे उमटलेले, एकही घसरलेला नाही. मी त्या पंजाशेजारी हात टेकवला. चौथीतल्या पोरीला लाज वाटली होती ती या रेघा ओढणाऱ्या बाईची, असं मनात आलं. तू हे कधी पाहिलं नव्हतंस गं. ऊन कलायच्या आत तुला खाली उतरावं लागायचं. तू नुसतं तळपायाने ओळखलं होतंस की इथे कोण येणार आहे आणि त्याला काय लागेल.

इथपर्यंत लिहून मी उठून चहा केला, प्यायले, कप धुतला. कारण पुढचं लिहायचं नव्हतं. हे पत्र कुठेच जाणार नाही, तरी तुला सांगायला जड जातंय.

काल मोठे साहेब आले. पाणवठा पाहिला, वाकून उतारावर हात फिरवला, कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. चुकीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उलट म्हणाले, "मॅडम, हे खराट्याचं आणि अनवाणी चालून बघण्याचं कुठे शिकलात? कॉलेजात तर शिकवत नाहीत." चौकीदार माझ्या शेजारी उभा होता. साहेब वाट बघत होते. अगदी साधा प्रश्न होता, उत्तर दोन शब्दांचं होतं. मी म्हणाले, "वाचलं होतं सर, कुठेतरी." चौकीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मग तो पाण्याकडे बघायला लागला. साहेबांनी तिथेच फोन काढून सांगितलं की आता जंगलातल्या सगळ्या पाणवठ्यांना असंच करायचं. संध्याकाळी तसं पत्रकही निघालं. त्यात या पद्धतीला माझं नाव दिलंय, आणि ते बदला असं मी अजून कुणाला म्हटलेलं नाही.