तळीचा घास

भिलवडी,
ता. १२ नोव्हेंबर १९४६

ती. सौ. राहीअक्का हिस,

धाकट्या बनाचा नमस्कार. मी दवाखान्यातून रजा घेऊन घरी आले आहे. आई शेजारी बसून सांगते आहे आणि मी तिच्याच शब्दांत लिहिते आहे.

"राही, चंपाषष्ठीला ये. बाळीला घिऊन ये. पयलं वरीस हाय तिचं, तळीचा घास चुकवायचा न्हाई. भाऊसो जावयांना म्हणावं, चार दीस चहा आपल्या हातानं करून प्या. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आन् म्हणावं, नात आमची बी हाय. वांगी लय आल्यात, पर भरीत तू आल्यावरच. आबा रोज इचारत्यात, राहीच्या लोणंदची गाडी गेली का, गेली का. ये गं बाई."

येथपर्यंतचे आईला वाचून दाखवले. ती समाधानाने गोठ्याकडे गेली. यापुढचे तिने सांगितलेले नाही. हे पान तू एकटीने वाच.

आबांना खोकला आहे हे तुला माहीत आहे. आई त्याला गुऱ्हाळाचा धूर म्हणते. गुऱ्हाळ अजून सुरूही झालेले नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना सांगलीला आमच्या दवाखान्यात नेले. छातीचा फोटो मीच काढला. श्वास रोखून धरा म्हटले तर त्यांना हसू आले, म्हणून दुसऱ्यांदा काढावा लागला. फिल्म मीच धुतली. डॉक्टरांच्या आधी ती मी पाहिली होती, पण बोलले नाही. सांगणे माझे काम नाही, फोटो नीट काढणे एवढेच माझे काम. फोटो नीट आला होता.

क्षय आहे, अक्का. उजव्या बाजूला वर लिंबाएवढी पोकळी आहे. थुंकीतही जंतू सापडले. परदेशात यावर औषध निघाले असे डॉक्टर म्हणतात; इकडे ते मिळत नाही. दूध, अंडी, विश्रांती, वेगळे ताट, वेगळे अंथरूण. पाचगणीच्या हवेत ठेवा असेही म्हणाले. आबा म्हणाले, "माझी हवा हितंच हाय."

आता तुला माहीत असलेलेच लिहिते, कारण मला ते आता निराळे दिसते. पुरुषांनी खंडोबाची तळी उचलली की आबा त्यातल्या खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतः चावून मऊ करतात, आणि घरातल्या तान्ह्या मुलाच्या तोंडात घालतात. तुला घातला, मला घातला. हा रोग लहान मुलांना फार लवकर धरतो, आणि मोठ्यांपेक्षा वाईट धरतो.

आईला मी हे सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती.

"देवाच्या तळीतनं कुणाला रोग लागलाय आजवर?"

"तळीतून नाही आई, थुंकीतून."

"बापाच्या तोंडच्या घासाला थुकी म्हणतीस व्हय गं? त्योच खाऊन शानी झालीस न्हवं? नाथाजीभावजींच्या दादासोचा घास चुकला, तर बघ, मुंबईला गेला त्यो गेलाच. बापाच्या मातीला बी आला न्हाई. तुझ्या फोटूत नुसती हाडं दिसत्यात. असलं काय दिसतंय का?"

"नाही दिसत."

"मग गप बस, आन् राहीला ये म्हणून लिव."

मला देवाचे फारसे कळत नाही. पण वर्षभर आपापल्या कामाला जुंपलेली आपण सगळी माणसे त्या दिवशी एका परातीभोवती बसतो, आणि उठताना एकमेकांना थोडी जास्त धरून असतो, एवढे मलाही कळते.

काल सकाळी आबांना बाळीपासून लांब राहायला सांगितले. त्यांनी म्हशीपुढे वैरण टाकली. मग म्हणाले, "किती लांबनं बघू मी तिला?"

पुस्तकात अंतर दिलेले नाही. मी म्हणाले, "उघड्यावर, दहा हात."

"दहा हातांवनं माझं नाक तरी दिसंल का गं तिला?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "दिसंल. लय मोठं हाय." हसताना खोकला आला. उठून परसात गेले.

परत आल्यावर म्हणाले, "मग घास तू दे. मी तुला दिलाय, तू तिला दे. एकच झालं." मी म्हणाले, आधी माझ्या छातीचा फोटो काढायला हवा. तो मी अजून काढलेला नाही.

येऊ नकोस असे लिहायलाच मी बसले होते. पण पुढच्या चंपाषष्ठीला आबा असतील असे मला म्हणता येत नाही. बाळीला ठेवून ये म्हणावे, तर ती अंगावर पिते. घेऊन ये म्हणावे, तर येळकोट झाल्याबरोबर आई तिला आबांच्या मांडीवर ठेवील. आबांचा हात थांबेल याची खात्री मला देता येत नाही. मला तो धरवेल याचीही नाही. दवाखान्यात लोक मला विचारतात तेव्हा मी डॉक्टरांकडे बोट दाखवते. इथे बोट दाखवायला कोणी नाही, म्हणून तुझ्याकडे दाखवते आहे. तू तिची आई आहेस. तू ठरव. काहीही लिहिलेस तरी आपल्या आईला ते सोसेल असे वाचून दाखवीन.

पत्र मिटत होते तेव्हा आबा दारात येऊन उभे राहिले. तुझ्या प्रत्येक पत्रात भंडाऱ्याची चिमूट तेच घालतात. आज त्यांनी देव्हाऱ्यातली डबी लांबूनच दाखवली. म्हणाले, "रोग पत्रातनं जात न्हाई न्हवं?"

मी म्हणाले, "नाही जात."

"तरी पर तूच घाल."

तेव्हा हा भंडारा माझ्या हातचा आहे. हात साबणाने धुतले होते. बाळीच्या कपाळाला लावायला हरकत नाही. आशीर्वाद मात्र त्यांचाच समज.

तुझी,
बना