न पेटलेल्यांची मोजणी

आये, आज दुपारी एका अंधुक ठिपक्याचा वर्णपट आला. बरीच वर्षं आम्ही त्याच्या मागावर होतो. तो आम्ही अभ्यासतो त्या तरुण तारकागुच्छातलाच निघाला, आणि तारा नाहीच, तपकिरी बटू, कधी न पेटलेला. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच होते. पुण्याच्या सहकाऱ्यांना कळवलं, आणि मग सांगावंसं वाटलं ते तुला.

तू पनवेलच्या बाजारात मासळी विकायचीस. मी पीएचडीला लागले तेव्हा चिडली होतीस. "आजून किती शिकशील? आभाळात बगत बसून काय व्हनार? नोकरी धर गो कुठंतरी." त्यानंतर आपण माझ्या कामाबद्दल बोलणंच सोडलं होतं. मग तो रविवार. तू स्वयंपाकघरात खाली बसून मांदेली साफ करतेयस, मी कांदा चिरतेय, आणि मान वर न करता तू विचारतेस, "तू शोधतेस तरी काय?"

मी जमेल तसं सांगते. एकाच ढगातून खूप तारे एकदम जन्मतात. त्यातल्या काहींच्या वाट्याला ऐवजच कमी येतो, म्हणून ते सूर्यासारखे पेटत नाहीत. जन्माची ऊब असते तोवर मंद दिसतात, मग निवत जातात. म्हणून त्यांना लहान वयातच शोधायचं.

तुझे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"माजी पयली तशीच गेली," तू म्हणालीस. "तुज्या आदी. सांजपर्यंत व्हती. अंग ऊन व्हतं गो तिचं. सासू बोलली, नाव ठेवलं नाय, कुनाला सांगू नको. कुनी गिनतीत धरलीच नाय तिला."

मला बहीण होती हे मला त्या दिवशी कळलं. मग तू विचारलंस, "ते न पेटलेले, त्यांना तुमी मोजता?"

"हो. त्यासाठीच शोधतो. ते मोजल्याशिवाय एकूण किती जन्मले ते कळत नाही."

"मंग बरं हाय," म्हणालीस आणि परत मांदेली हातात घेतलीस. नोकरीचा विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

तू गेल्यावर मी मावशीला विचारलं, माझ्या बहिणीला कुठे पुरलं. आपल्या गावच्या खाडीकाठी, बांधाच्या आतल्या अंगाला, ती म्हणाली. मी जाऊन आले. तिथे आता भराव आहे, त्यावर कंटेनरचे ट्रेलर उभे असतात. बांध कुठून कुठे जायचा तेही ओळखता येत नाही. एका ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, कोणाला शोधताय?" मी काहीतरी पुटपुटले आणि रिक्षा गाठली.

हे पाठवायचं कुठे, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं. पण एक सांगते. परवा शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "भावंडं किती तुम्ही?" "दोघी" असं ओठावर आलं होतं, आये. तरी मी म्हणाले, "मी एकटीच."