भाची कोळसा शोधतीय

देवळाली प्रवरा

आदरणीय काकासाहेब दाजी,

वाल्मिकचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल. (कुरकुरत असेल तर आक्काचं ऐका, घाट चढू नका.)

राजूरला इंटरनेट नीट चालत नाही म्हणून तुम्ही ज्ञानेश्वरीला अभ्यासासाठी माझ्याकडे ठेवलंत. माझी ना नव्हती. पण भाची करते काय, हे गावाला मामानं सांगायचं असतं, ते तुम्ही आधी बोलला नव्हता. तिचं म्हणणं असं, की विदर्भात कोळशासाठी सरकारनं पूर्वी बोअर पाडले, त्यातून उसाच्या कांड्यासारखे गोल, लांब दगड वर काढले आणि किती खोल काय लागलं ते फोटोंसकट सगळ्यांना बघायला खुलं केलं. ही ते बघून कोळशाचा थर किती जाड, शेजारच्या बोअरपर्यंत पोचतो की मधेच संपतो, याचा अंदाज मांडते. मला हे नीट कळलं होतं, पण कटिंगच्या दुकानात गालाला साबण असताना एवढं बोलता येत नाही. मी म्हणालो, "भाची कोळसा शोधतीय."

झालं! त्याच आठवड्यात शेजारच्या वैजनाथनं रानात पाण्यासाठी बोअरची गाडी लावली. काळपट भुकटी उडाली तशी त्यानं गाडीच बंद केली. "पानी ऱ्हाऊ द्या, खाली कोळसा हाय!" निम्मी आळी जमली. दगडाबाईनं (वैजनाथची बायको, त्या घरातली धीराची बाजू) घमेलंभर भुकटी नेऊन थेट चुलीत टाकली. चूल विझली. वैजनाथ म्हणतो, "वली हाय म्हून." मग ज्ञानेश्वरीला बोलावणं आलं.

पोरीनं भुकटी बोटांत चोळली. "काका, हा आपला नेहमीचा काळा दगड. कोळसा नाही."

"मंग पानी किती खाली हाय?"

"ते मला नाही सांगता येणार."

"मंग शिकून उपेग काय?"

मलाच कानकोंडं झालं, पण ती चिडली नाही. गाडीवाल्याला विचारलं, आजूबाजूला कुणाकुणाचे बोअर तुम्ही पाडले, पाणी कुठं लागलं? त्यानं सांगितलं, जमलेल्यांनी आपापलं सांगितलं आणि थोडं आणखी खाली जाऊन बघावं असं ठरलं. दिवस मावळायच्या आत पाणी लागलं. बेताचंच, पण लागलं.

तेव्हापासून जो तो आपल्या बोअरची कुंडली सांगायला आमच्या ओसरीवर येतो. चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नाही. असली भाची घरात ठेवणं मला झेपायचं नाही, हे स्पष्ट कळवतो.

आक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
वाल्मिक

ता. क. : तिचे अंदाज बघून त्या बोअरवाल्या सरकारी खात्यानं ते कोळशाचे दगड हातात घेऊन शिकायला तिला नागपूरला बोलावलंय. दिवाळीनंतर लग्नाचं बघायचं तुमचं ठरलंय, म्हणून विचारायला घाबरत होती. तुम्ही आपण होऊन 'जा' म्हणावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. : आक्काला विचारून मी तुमच्या नावानं होकार कळवून टाकलाय. काल तिला गाडीतही बसवून दिलं. घर खायला उठलंय. तिचा फोन आला की आधी जेवलीस का ते विचारा. रागवायचं ते मग माझ्यावर रागवा.