एप्रिलमधलं पाणी

१५ एप्रिल
सकाळी तळ्यावर. प्लॉटिंगवाल्यांचा भराव आणखी आठ-दहा पावलं आत. उरलेल्या पाण्यावर जलपर्णी, तिला जांभळी फुलं. फोटो छान आले, हेच वाईट. हिंजवडीला ऑफिसात पोचायला उशीर.

१७ एप्रिल
२७ला पौडला तहसीलदारांपुढे भरावाची सुनावणी. आमच्या सोसायटीचे सचिव जोशी यांनी पुरावा म्हणून माझे दोन फोटो निवडले: जुना सप्टेंबरचा, तुडुंब, आणि परवाचा. म्हटलं, ही तुलना खरी नाही. प्लॉटिंगवाले म्हणतील, उन्हाळ्यात तळं आटतंच.
"मग भरावाआधीचा उन्हाळ्यातला द्या."
नाही. पाच वर्षांत एकही नाही. तळं देखणं असेल तेव्हाच मी जायचे. आटू लागलं की कॅमेरा कपाटात. एवढीच माझी माया.

२० एप्रिल
गावात विचारत फिरले. तसा फोटो तळ्याकाठच्या तान्हुबाईंकडे मिळाला. मुलाच्या, संतोषच्या लग्नातला. बारा वर्षांपूर्वीचा, पण एप्रिलचाच. देवळाच्या पायरीपाशी नवरा-नवरी, मागे पायरीला टेकलेलं पाणी.
मोबाईलवर त्याचा फोटो घेताना त्यांनी विचारलं, कशाला. सांगितलं. मग त्या म्हणाल्या, भरावाची माती संतोषच्याच डंपरमधून येते.
"दे सायबाला. पर बाई, माज्या पोराचं त्वांड काप त्यातनं."

२१ एप्रिल
कापून पाहिलं. संतोष पायरीला लागूनच उभा. तो गेला की पायरी जाते, पायरी गेली की ते कुठलंही पाणी. नुसता चेहरा पुसला तर? जोशी म्हणतात, फेरफार केलेला फोटो टिकणार नाही. आणि शेजारी बायको उभी. गावात कोण ओळखणार नाही? त्याचं काम जाईल. आईनेच दिला, हेही कळेल.
तळं वाचवायचंय, की माझ्या पाच उन्हाळ्यांची चूक दुसऱ्याच्या घरातून भरून काढायचीय?

२६ एप्रिल, रविवार
तान्हुबाईंशी पुन्हा बोलावं म्हणून गेले. नव्हत्या. संतोषने खुर्ची दिली. मी मोबाईलवर फोटो घेतला एवढंच त्याला माहीत. कशासाठी, ते त्यांनी सांगितलेलं नाही.
"मॅडम, मोठा करून द्या की. लग्नाचा योकच ऱ्हायलाय."
माझ्या मोबाईलवर स्वतःला सोडून पाणीच बोटांनी मोठं करून बघत राहिला. "हितवर होतं व्हय? आमी इसरलोच."
तेव्हाच सांगायला हवं होतं. चहा घेतला. मोठा करून देते म्हणाले.
उद्या अकराला सुनावणी. पाकिटात पूर्ण फोटो आहे, कापलेलाही. जोशी साडेनऊला गाडी घेऊन येतील. कोणता द्यायचा, अजून ठरलेलं नाही.